टाकाऊ उष्णतेवरची छोटी टर्बाइन : पात्यांआधी शाफ्ट बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भट्टीच्या चिमणीतून १८० अंश सेल्सियसचा धूर जातो. त्यातली उष्णता दाबाखालच्या पाण्याने १२५ अंशांवर काढून घेता, तिच्यावर आर-२४५एफए या द्रवाची वाफ करता आणि ६२ मिलीमीटर व्यासाचं रेडियल चाक (वाफ कडेने आत शिरते आणि मध्यातून बाहेर पडते असं) फिरवता. हिशेब १० किलोवॅटचा होता, जनरेटरच्या तारांवर ४ किलोवॅट मिळतात. ३३,००० फेऱ्यांच्या पुढे थरथर वाढते म्हणून मिनिटाला ३२,००० फेऱ्यांवरच चालवता. कंडेन्सरचा, म्हणजे वाफेचा पुन्हा द्रव करणाऱ्या भागाचा, दाब ३.१ बार दिसतो, चाक आणि आवरण यांच्यात ०.३५ मिलीमीटर फट आहे. आणि विचारलं आहे की पात्यांची वक्रता कशी बदलावी, सीएफडी (वाफेच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित) कशात करावं, की टर्बाइन सोडून सरळ स्क्रोल एक्सपांडर (एकमेकांत बसलेल्या सर्पिलांत वाफ फुगवून फिरणारं यंत्र) घ्यावा.

पात्यांना अजून हात लावू नका. चांगलं चाक आणि उत्तम चाक यांच्यात फरक पडतो तो तीन-चार टक्क्यांचा. तुमची तूट सहा किलोवॅटची आहे, ती वक्रतेने भरून निघणार नाही. अशा आकाराची बरीच यंत्रं मी उघडून पाहिली आहेत. बहुतेक वेळा चाक बरं असतं, पण शाफ्ट त्याला हवा तेवढा वेग घेऊ देत नाही. तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य पात्यांबद्दलचं नाही, ३३,००० ला सुरू होणाऱ्या थरथरीचं आहे.

आधी वेगाचं गणित मांडू. १०० अंशांची संपृक्त वाफ, म्हणजे त्या तापमानाला उकळत्या द्रवातून नुकतीच निघालेली वाफ, सुमारे १२.६५ बारची असते. कंडेन्सर ३५ अंशांवर असेल तर तिथे २.१ बार. या दोन दाबांमध्ये आर-२४५एफए आदर्श प्रसरणात किलोमागे अंदाजे ३३ किलोज्यूल देतो. ही सगळी ऊर्जा वेगात बदलली तर सेकंदाला २५७ मीटर वेग येतो. रेडियल चाकाच्या कडेचा वेग याच्या ०.७ पट असला की चाक आपल्या सर्वोत्तम जागी येतं, म्हणजे सेकंदाला १८० मीटर. ६२ मिलीमीटरच्या चाकाला त्यासाठी मिनिटाला ५५,००० फेरे लागतात. तुमचा मूळ हिशेबही याच्याच आसपास असणार, कारण १० किलोवॅटच्या प्रवाहाला हा व्यास आणि हा वेग एकमेकांना जुळतात.

तुम्ही ३२,००० वर आहात, म्हणजे कडेचा वेग १०४ मीटर. कंडेन्सर ३.१ बारवर असल्यामुळे उपलब्ध ऊर्जाही ३३ वरून २७ किलोज्यूलच्या आसपास आली आहे, तिचा वेग २३२ मीटर. गुणोत्तर पडतं ०.४५. कार्यक्षमतेचा आलेख या गुणोत्तराशी जवळपास पॅराबोलासारखा वागतो, त्यामुळे ०.४५ वर सर्वोत्तम कार्यक्षमतेचा आठवा हिस्सा नुसत्या वेगापायी जातो. नोझलमधून सुटलेली वाफ चाकापेक्षा खूप पुढे धावते आणि पात्यावर सरकत न जाता त्याच्या पोटावर आदळते. आता पुढचं बघा. कंडेन्सर दुरुस्त केलात आणि फेरे तेवढेच ठेवलेत, तर गुणोत्तर आणखी घसरून ०.४० होईल आणि नुकसान पाचव्या हिश्श्यावर जाईल. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते असं तुम्ही लिहिलं आहे, त्याचं कारण बहुधा हेच. आणि ३२,००० फेऱ्यांवर सीएफडी करून पाती बदललीत, तर तुम्ही चुकीच्या वेगासाठी उत्तम पाती काढाल. वेग वाढला की तीच पाती नडतील.

इतका वेग लागतो हे पाहून काही जण पुन्हा पाण्याच्या वाफेकडे वळतात, म्हणून तुलना करून ठेवतो. त्याच १०० आणि ३५ अंशांमध्ये पाण्याची वाफ किलोमागे ४१९ किलोज्यूल देते. ऐकायला छान वाटतं, पण त्याचा वेग होतो सेकंदाला ९१५ मीटर आणि १० किलोवॅटला सेकंदाला जेमतेम ३२ ग्रॅम वाफ पुरते. एवढ्याशा वाफेसाठी पाती सुईसारखी होतात, चाक फुटण्याच्या वेगाला जातं, कंडेन्सर ०.०५६ बारच्या निर्वातात चालवावा लागतो आणि शेवटी वाफेत १३ टक्के पाणी होऊन पाती खरवडली जातात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅरी टेबोर आणि ल्यूसिअन ब्रॉनिकी यांनी छोट्या टर्बाइनसाठी जड रेणूंचे सेंद्रिय द्रव निवडले. जड रेणूचा द्रव किलोमागे कमी ऊर्जा देतो, म्हणून वेग आवाक्यात येतो आणि प्रवाह वाढून पात्यांना उंची मिळते. शिवाय आर-२४५एफए प्रसरणात ओला होत नाही, उलट कोरडा होत जातो. तुमची द्रवाची निवड या तापमानाला योग्य आहे.

आता थरथर. तुमच्या चित्रात चाक शाफ्टच्या टोकाला, पुढच्या बेअरिंगपासून ४० मिलीमीटर बाहेर लटकतं आहे आणि तिथला शाफ्ट १० मिलीमीटरचा आहे. ३३,००० ला वाढणारी थरथर ही या लटकणाऱ्या भागाची क्रिटिकल स्पीड (फेरे शाफ्टच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतात तो वेग) आहे असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. खात्री करायची तर यंत्र बंद असताना चाकाला हलका ठोका द्या आणि शाफ्टची वारंवारता मोजा. ती ५५० हर्ट्झच्या जवळ आली तर संशय नको.

स्वीडिश अभियंता गुस्ताफ दे लावालने १८८० च्या दशकात ३०,००० फेऱ्यांची टर्बाइन चालवली ती मुद्दाम बारीक, लवचिक शाफ्टवर. क्रिटिकल स्पीड झटकन ओलांडायची आणि तिच्या वरच्या बाजूला चालायचं, म्हणजे चाक आपोआप आपल्या वजनाच्या केंद्राभोवती फिरतं. कल्पना अजोड आहे, पण आपल्या कामाची नाही. ओलांडताना शाफ्ट जेवढा झुलेल तेवढी फट आवरणात ठेवावी लागते, आणि आपला सगळा जीव त्या फटीत आहे. आपल्याला शाफ्ट ताठ हवा, इतका की पहिली वाकण्याची क्रिटिकल स्पीड चालवण्याच्या वेगाच्या निदान २०-२५ टक्के वर राहील.

ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लटकत्या लांबीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. १० मिलीमीटरचा शाफ्ट १३ केलात तर २.८ पट. लटकती लांबी ४० वरून ३० वर आणलीत तर आणखी २.४ पट. दोन्ही मिळून पावणेसात पट, आणि वारंवारता त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे कागदावर अडीच पटीहून जास्त वाढते. प्रत्यक्षात बेअरिंग आणि त्याचं घरही (हाउसिंग) थोडं लवतं, त्यामुळे दुप्पट धरा. ३३,००० चे ६६,००० झाले तर ५५,००० वर २० टक्के जागा राहते. लांबी कमी करायला बेअरिंग आणि चाक यांच्यामधलं सील आखूड करावं लागेल. तिथे जास्त वाफ गळेल या भीतीने लोक मागे हटतात. जनरेटर त्याच सीलबंद पेटीत कंडेन्सरच्या दाबाला ठेवला असेल तर गळलेली वाफ बाहेर जात नाही, फक्त थोडं काम बुडतं. ते सोसा.

बेअरिंग ज्या बाहीत बसतं ती घरात घट्ट ठोकू नका. बाही आणि घर यांच्यात शेकडाभर मायक्रॉन तेलाची फट ठेवा, दोन्ही टोकांना ओ-रिंग द्या. ही तेलाची पातळ चादर थरथर गिळते. ओ-रिंगचं रबर निवडताना त्याचा तुकडा आठवडाभर त्याच द्रवात आणि तेलात, कामाच्या तापमानाला बुडवून ठेवा आणि माप घ्या. तेलाला उत्तम टिकणारी काही रबरं या जातीच्या रेफ्रिजरंटमध्ये फुगतात, आणि फुगलेली ओ-रिंग ताठ होऊन थरथर गिळणं संपवते.

समतोलाबद्दल तुम्ही नुसतं ‘बॅलन्स केलं आहे’ लिहिलं आहे. किती, हा प्रश्न आहे. आयएसओ २१९४० या समतोलाच्या मानकातली ‘जी २.५’ ही प्रत ५५,००० फेऱ्यांना लावली तर वजनाच्या केंद्राचं विचलन ०.४३ मायक्रॉनच्या आत हवं. दीड किलोच्या रोटरला हे जेमतेम ०.६५ ग्रॅम-मिलीमीटर होतं. चाक काढून पुन्हा बसवलं की तेवढं सहज बिघडतं. म्हणून चाक, शाफ्ट आणि नट यांवर जुळणीची खूण करा, पूर्ण जोडून शेवटचा समतोल करा, आणि त्यानंतर नट सोडू नका. चाक शाफ्टवर बसतं तिथे सैल, सरकणारी बैठक ठेवली असेल तर तीही बदलायला हवी. वेगात अॅल्युमिनियमचं भोक मोठं होतं आणि चाक त्या सैलपणात सरकतं.

फटीविषयी सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः एक चाक गमावलं आहे. यंत्र थंड असताना फट ०.१५ मिलीमीटर बरोबर लावली होती. पहिली चाळीस मिनिटं सगळं सुरळीत होतं. मग आवाज बदलला, एक बारीक धातूचा सूर यायला लागला, आणि बंद करेपर्यंत पात्यांच्या कडा आवरणाला चाटून गेल्या होत्या. उघडल्यावर आवरणावर चंदेरी पट्टा दिसला, सगळीकडून सारखा, म्हणजे शाफ्ट झुलला नव्हता. तो सरळ पुढे आला होता. थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं) चाकापासून १२० मिलीमीटर मागे होतं. पोलादाचा एवढा शाफ्ट ७० अंशांनी तापला की ०.१० मिलीमीटर लांबतो. आवरण त्याच्या निम्म्यानेही तापलं नव्हतं. थंड स्थितीतले ०.१५ गरम स्थितीत ०.०५ झाले आणि दाबाच्या एका धक्क्याने उरलेलं अंतर संपलं. तुमच्याकडे ०.३५ ठेवलं आहे ते याच भीतीने असावं.

उपाय फट वाढवण्यात नाही. थ्रस्ट बेअरिंग चाकाच्या बाजूला आणा. शाफ्ट मग मागे जनरेटरकडे लांबेल, तिथे त्याला जागा आहे. आवरण चालू करण्याआधी गरम पाण्याने तापवून घ्या. आवरणाच्या आतल्या बाजूला मऊ, झिजणारा थर दिला तर पहिला स्पर्श चाकाला न मारता थराला मारतो.

आणि फट एकच आकडा समजू नका. तुमच्या चाकात वाफ आत शिरते तिथे पात्याची उंची जेमतेम १.३ मिलीमीटर आहे, बाहेर पडते तिथे ११ मिलीमीटरच्या आसपास. शिरण्याच्या बाजूची फट अक्षाच्या दिशेची आहे, बाहेरच्या बाजूची त्रिज्येच्या दिशेची. टक्क्यांत पाहिलं तर शिरण्याची बाजू भयंकर दिसते, ०.३५ म्हणजे उंचीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. पण रेडियल चाकात बाहेरच्या बाजूची फट कितीतरी जास्त नुकसान करते, कारण तिथे पाती वळतात आणि वाफेचा शेवटचा जोर तिथेच घेतला जातो. म्हणून बाहेरची त्रिज्येतली फट ०.१२ ते ०.१५ वर आणण्यासाठी जीव तोडून प्रयत्न करा. शिरण्याच्या बाजूला गरम स्थितीत ०.१५ ते ०.२० पुरे. माझ्या अंदाजाने एवढ्यानेच सहा ते आठ टक्के हाती लागतील.

थ्रस्टचा, म्हणजे चाकाला शाफ्टच्या दिशेने ढकलणाऱ्या जोराचा, उल्लेख तुमच्या पत्रात नाही, आणि तो नसणं मला खटकलं. चाकाच्या पाठीवर शिरण्याच्या दाबाची वाफ बसते, पुढे कमी दाब असतो. ३.४ बारचा फरक ३० चौरस सेंटिमीटरवर धरला तर १,००० न्यूटन होतात. पुढच्या बाजूचा दाब यातून वजा होतो, तरी काही शे न्यूटन उरतात, आणि १२ मिलीमीटरच्या बेअरिंगला ५५,००० फेऱ्यांवर ते फार आहेत. पाठीवर अर्ध्या त्रिज्येवर लॅबिरिंथ सील (न घासता खाचांच्या रांगेने वाफ अडवणारं) द्या आणि त्याच्या आतली पोकळी बारीक वाहिनीने कंडेन्सरकडे जोडा. त्या वाहिनीवर दाबमापक ठेवा. सील झिजलं की तो दाब सगळ्यांत आधी चढतो, बेअरिंगचा आवाज नंतर येतो.

बेअरिंगचा प्रकार: पोलादी कड्या आणि सिलिकॉन नायट्राइडच्या गोळ्या असलेली अँग्युलर काँटॅक्ट (आडवा आणि अक्षाच्या दिशेचा, दोन्ही भार घेणारी) जोडी घ्या. भोकाचा व्यास गुणिले फेरे हा आकडा १२ गुणिले ५५,००० म्हणजे ६ लाख ६० हजार येतो, तो तेलावर चालणाऱ्या अशा बेअरिंगच्या आवाक्यात आहे. खरी अडचण तेलाची आहे. रेफ्रिजरंट तेलात विरघळतो. रात्रभर यंत्र थंड पडलं की द्रव तेलात जाऊन बसतो, सकाळी सुरू करताना दाब उतरतो, तेल फेसाळतं आणि बेअरिंगला पातळ फेस मिळतो. म्हणून तेलाच्या टाकीत छोटा हीटर ठेवा आणि सुरू करण्याआधी तेल कंडेन्सरपेक्षा निदान २० अंश गरम करा. कार्यद्रवाच्या वाफेवरच तरंगणारी फॉइल बेअरिंग हा पुढचा टप्पा म्हणून सुंदर आहे, तेलाची कटकटच मिटते. पण द्रवाचा एक घोट आत गेला तर ती मरते, आणि तुमच्या इव्हॅपोरेटरचं (द्रवाची वाफ करणाऱ्या भागाचं) नियंत्रण अजून तितकं स्थिर नाही. आज नको.

कंडेन्सरकडे येऊ. ३.१ बार म्हणजे ४७ अंश संपृक्त तापमान. तुम्ही लिहिलं आहे की कंडेन्सरमधून बाहेर पडणारा द्रव ३६ अंशांचा आहे. या दोन आकड्यांमधले ११ अंश एकतर द्रव कंडेन्सरमध्ये साचून नळ्या बुडवतो आहे म्हणून आहेत, किंवा आत हवा आहे म्हणून. यंत्र बंद करून सगळं एका तापमानाला येऊ द्या. खोली ३० अंशांची असेल तर दाब १.७८ बार यायला हवा. जेवढा जास्त दिसेल तेवढा हवेचा किंवा नायट्रोजनचा. तेव्हा तो वायू बाहेर काढून टाका, आणि बंद असताना थंडीत दाब वातावरणाखाली जाऊन हवा कुठून शिरते ते शोधा. हा द्रव १५ अंशांना उकळतो, त्याखाली पेटी निर्वातात असते. ३.१ वरून २.१ बारवर आलात की उपलब्ध ऊर्जा जवळपास २२ टक्क्यांनी वाढते. चाकावर महिनोन्‌महिने घालवून एवढं मिळत नाही.

तुम्ही तापमानावरून ६२ टक्के कार्यक्षमता काढली आणि वीज मात्र तेवढी नाही, याने गोंधळला आहात. तापमानाचा आकडा इथे फसवा आहे. आदर्श प्रसरणच किलोमागे २७ किलोज्यूलचं, आणि या वाफेची विशिष्ट उष्णता सुमारे १ किलोज्यूल. सेन्सर २ अंशांनी चुकला तर कार्यक्षमता ७ टक्के चुकते. त्यात टर्बाइनच्या आवरणातून आणि पाण्याने थंड ठेवलेल्या जनरेटरच्या पेटीकडे १ किलोवॅट उष्णता गेली, तर सेकंदाला ०.४ किलो प्रवाहावर ती किलोमागे अडीच किलोज्यूल. वाफ त्यामुळे थंड बाहेर पडते आणि ते काम केल्यासारखं दिसतं, आणखी ९ टक्के. दोन्ही वजा केलं की ४६ टक्के उरतात, आणि विजेवरून उलटा हिशेब केला, जनरेटर, बेअरिंग आणि घर्षण धरून, तरी ४६ च्या आसपासच येतं. म्हणून विजेवरून निघणारा आकडा खरा माना. प्रवाह मोजायला पंपानंतरच्या द्रवावर कोरिओलिस मीटर (थेट वस्तुमानाचा प्रवाह मोजणारा) बसवा, वाफेवर नको.

नोझल. या द्रवात ध्वनीचा वेग सेकंदाला १३० ते १४० मीटर एवढाच आहे, म्हणून तुमच्या नोझलमधली वाफ ध्वनीपेक्षा वेगवान होते आणि गळ्याला, म्हणजे नोझलच्या सर्वांत अरुंद जागी, प्रवाह अडतो. आत किती वाफ जाणार हे नोझलचा गळा ठरवतो, चाक नाही. तुमच्या १७ नोझलांचा गळा ३ मिलीमीटर रुंद आहे. यंत्रावर ०.१ मिलीमीटर जास्त कापला गेला तर प्रवाह ३ टक्के बदलतो, आणि सगळ्या नोझलांत सारखा नसेल तर चाकाला प्रत्येक फेऱ्याला धक्के बसतात. मापं घ्या, पिन गेजने, प्रत्येक गळ्याची. पात्यांची मागची कड अर्ध्या मिलीमीटरची ठेवली आहे, ती ०.२ वर आणता आली तर आणा. ३ मिलीमीटरच्या गळ्यामागे अर्ध्या मिलीमीटरची बोथट कड मोठी सावली टाकते. १७ नोझल आणि १२ पाती ही जोडी चांगली आहे, दोघांना सामाईक भाजक नाही. ती बदलू नका.

गणित करताना आदर्श वायूचं समीकरण वापरलं असेल तर ते टाकून द्या. १२.६५ बारला या वाफेची घनता आदर्श वायूच्या हिशेबाने घनमीटरला ५५ किलोच्या आत येते, प्रत्यक्षात ती ७२ च्या जवळ असते. गळा त्याच प्रमाणात चुकतो.

चाकातून बाहेर पडणारी वाफ सेकंदाला ६० मीटरने जाते, त्यात किलोमागे १.८ किलोज्यूल असतात. तुमच्याकडे ती थेट रुंद पेटीत सुटते. ७-८ अंश अर्धकोनाचा सरळ शंकूच्या आकाराचा डिफ्यूझर (वाफेचा वेग हळूहळू कमी करणारी रुंद होत जाणारी नळी) जोडलात तर यातला अर्धा भाग तरी परत मिळेल. लेथवरचं एका दिवसाचं काम आहे.

जनरेटरचा रोटर वाफेतच फिरतो, आणि ही वाफ हवेच्या नऊपट घन आहे. घर्षण त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतं. २० मिलीमीटर त्रिज्येला साधारण पाव किलोवॅट जातो, २५ केली तर अडीचपट. म्हणून रोटर बारीक आणि लांब ठेवा, शाफ्टचा ताठरपणा परवानगी देईल तेवढा. चुंबक समॅरियम कोबाल्टचे घ्या. निओडिमियम जास्त जोरदार असतात, पण आतून थंड न होणाऱ्या रोटरमध्ये तापून कमजोर होतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. तुमच्या रोटरमध्ये ५५,००० फेऱ्यांवर सुमारे ५ किलोज्यूल साठलेले असतील आणि वाफ १० किलोवॅट ओतत असेल. विजेचा भार अचानक तुटला तर ०.२ सेकंदात वेग २० टक्क्यांनी चढतो. माणसाचा हात तिथे पोहोचत नाही, साधा मोटरवाला व्हॉल्व्हही नाही. स्प्रिंगने मिटणारा शीघ्र व्हॉल्व्ह टर्बाइनच्या तोंडाशी हवा, त्याच्याआधी कंडेन्सरकडे जाणारी बगलवाट हवी, आणि जनरेटरवर स्वतंत्र ब्रेक रेझिस्टर (वीज उष्णतेत जिरवून रोटरला आवरणारा). चाकाभोवती फुटलेलं चाक अडवेल एवढं जाड पोलादी कडं हवं. हे सगळं जोडल्याशिवाय ३२,००० च्या वर जाऊ नका, आणि पहिल्यांदा वर जाताना त्या खोलीत कोणी उभं राहू नका.

आता सगळं धरून काय मिळेल? कंडेन्सर २.१ बारवर, वेग ५५,०००, फटी वर लिहिल्याप्रमाणे. ०.४ किलो प्रवाहावर आदर्श १३.२ किलोवॅट, चाकाची कार्यक्षमता ७२ टक्के धरली तर ९.५, बेअरिंग आणि घर्षण वजा जाता ८.९, जनरेटर आणि इन्व्हर्टरनंतर ८ किलोवॅट. पंप ०.८ ते ०.९ खाईल, कारण एवढ्या लहान पंपाची मोटरसकट कार्यक्षमता ४० टक्क्यांपर्यंतच जाते. निव्वळ ७ हाती राहतील. उष्णता आत जाते सुमारे ९५ किलोवॅट. इतक्या कमी तापमानाला हे चांगलं यंत्र म्हणायचं. धुरातून आणखी उष्णता काढायचा मोह झाला तर इंधनात गंधक किती आहे ते आधी बघा. गंधक असेल तर साधारण १२० ते १५० अंशांखाली नळ्यांवर आम्ल जमतं, आणि तिथे धूर आणखी थंड केला की नळ्या वर्षभरात चाळण होतात.

द्रव बदलायचा विचार पुढे करावाच लागेल. आर-२४५एफएचा तापमानवाढीचा भार कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींच्या आसपास आहे आणि २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर (मॉन्ट्रियल करारातला बदल) अशा द्रवांचा वापर टप्प्याटप्प्याने उतरतो आहे. आर-१२३३झेडडी हा पर्यायी द्रव १८ अंशांना उकळतो, पेटत नाही, आणि तुमच्या तापमानांना जवळ बसतो. दाब थोडा कमी असल्याने गळा मोठा करावा लागेल. म्हणून नोझलचं कडं वेगळं काढता येईल असंच बनवा, आवरणात कोरू नका.

पात्यांचा विचार हे सगळं झाल्यावरच सुरू करायचा, ५५,००० फेरे आणि २.१ बार धरून. तेव्हा सीएफडी करा, फट गणितात धरा, आणि वाफेचे गुणधर्म खऱ्या द्रवाच्या तक्त्यातून घ्या. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल.

स्क्रोलचं विचारलं आहे. तीन-चार किलोवॅटच पुरणार असतील आणि यंत्राकडे कोणी लक्ष द्यायला नसेल, तर स्क्रोल घ्या. तो तीन हजार फेऱ्यांवर चालतो, द्रवाचे घोट सोसतो आणि ६० टक्क्यांच्या पुढे जातो. पण तुमच्या वाफेची घनता ७२ वरून ११ वर येते, म्हणजे साडेसहा पट प्रसरण. नेहमीच्या स्क्रोलमध्ये दोन ते चार पट बसतं, उरलेलं न वापरता निसटतं. दोन स्क्रोल एकापाठोपाठ जोडून ते पकडता येतं. धुराचा प्रवाह तुम्ही सेकंदाला पावणेदोन किलो लिहिला आहे, तो दिवसभर टिकत असेल तर टर्बाइनच ठेवा आणि या महिन्यात फक्त दोन कामं करा : बंद कंडेन्सरचा दाब मोजणं आणि ठोक्याची चाचणी.